अल्पभाडे विमानवाहतूक : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

अल्पभाडे विमानवाहतूक : प्रवासभाडे कमी राखता यावे म्हणून सेवेचा खर्च पद्धतशीरपणे घटवून चालविलेली प्रवासी विमानवाहतूक. भोजन, सामान, आसनाची निवड, तिकिटातील बदल इ. गोष्टी मूळ भाड्यातून वगळून त्यांची किंमत निराळी आकारणे, एकाच जातीची विमाने वापरणे, त्यांत आसने दाटीने बसविणे आणि विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभे ठेवणे, ही तिची मुख्य लक्षणे होत. भारतात ती २००३ नंतर रुजली. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने तिचा इतिहास बोधप्रद आहे. येथे विमानतळ बांधला गेला. पण स्वस्त विमान मात्र तेथे उतरले नाही. जिल्ह्यातील प्रवासी ते नागपूर, नांदेड आणि अलीकडे अमरावती येथे जाऊन गाठतात. या प्रवासाचे फायदे-तोटे या अंतरासह पाहिले तरच नीट कळतात.

पूर्वपीठिका : कमी भाड्याच्या विमानप्रवासाशी विदर्भाचा पहिला संबंध बराच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची डाकोटा जातीची विमाने मोठ्या संख्येने मोडीत निघाली व ती अल्प किंमतीत मिळू लागल्याने भारतात अनेक खाजगी विमानकंपन्या उदयास आल्या. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. तिचे केंद्र नागपूर हे होते. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, तेथे टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या ठिकाणी परतत. तत्कालीन दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांचा या योजनेस विशेष पाठिंबा होता. या विमानांतून रात्री जागून जाण्याची तयारी असलेल्या प्रवाशास दिवसाच्या भाड्यापेक्षा कमी भाडे पडे. विमानाचा मूळ खर्च टपालातून निघत असल्यामुळे हे शक्य होते. रिकामे राहणारे आसन कमी भावात विकण्याचे तत्त्व, जे पुढे अल्पभाडे कंपन्यांनी शास्त्रासारखे विकसित केले, ते सोनेगावच्या धावपट्टीवर अशा प्राथमिक रूपात दिसले होते. यवतमाळच्या व्यापाऱ्याला किंवा वकिलाला मात्र ते विमान गाठण्यासाठी आधी नागपूरपर्यंतचा मोटारप्रवास करावा लागे. ती अट पाऊणशे वर्षांनंतरही फारशी पालटलेली नाही.

स्वस्त विमानांवर उभ्या राहिलेल्या या कंपन्या फार काळ तगल्या नाहीत. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० मध्ये दाखवून दिले की, वाहतुकीच्या मानाने कंपन्या व विमाने यांची संख्या अवास्तव वाढली असून परवाने देताना मागणीचा विचार झाला नाही. १९५३ मध्ये विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आठ कंपन्यांच्या विलीनीकरणातून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ निर्माण झाले. त्यानंतर चार दशके भाडी शासनाच्या संमतीने ठरत होती. लहान गावांना जोडण्यासाठी १९८१ मध्ये स्थापन झालेली ‘वायुदूत’ ही शासकीय संस्था कानपूर येथे बनलेली छोटी डॉर्नियर विमाने वापरीत असे. परंतु कमी प्रवासी आणि जास्त खर्च यांचे गणित तिला कधीच सुटले नाही व १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. लहान गावांच्या विमानसेवेबाबत पुढे जे जे घडले त्याची ही जणू पूर्वसूचनाच होती.

परदेशांतील उगम : अल्पभाडे पद्धतीचा खरा पाया अमेरिकेत घातला गेला. तेथे आंतरराज्य विमानभाड्यांवर केंद्रीय नियंत्रण होते. पण एकाच राज्याच्या सीमेत उडणारी कंपनी त्या नियंत्रणाबाहेर राही. या सवलतीचा फायदा १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्सने आणि १९७१ मध्ये टेक्ससमधील साउथवेस्ट एअरलाइन्सने घेतला. साउथवेस्टजवळ आरंभी चारच विमाने होती. १९७२ मध्ये आर्थिक अडचणीमुळे त्यांपैकी एक विकावे लागले, तेव्हा चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांत बसविण्यासाठी कंपनीने प्रत्येक विमान उतरल्यापासून सुमारे दहा मिनिटांत पुन्हा उडविण्याची रीत पाडली. गरजेतून निघालेली ही युक्ती पुढे सर्व अल्पभाडे कंपन्यांचे मूळ सूत्र ठरली. १९७८ मध्ये अमेरिकेने भाड्यांवरील नियंत्रण उठविले. ब्रिटनमध्ये फ्रेडी लेकर यांची लंडन–न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ सेवा १९७७ मध्ये सुरू होऊन १९८२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. यूरोपात खरे यश रायनएअर (सेवारंभ १९८५) व ईझीजेट (१९९५) यांना लाभले.

भारतातील विस्तार : १९५३ चा विमान महामंडळ कायदा १९९४ मध्ये रद्द झाला व त्याच्या थोडे आधीपासून खाजगी कंपन्या पुन्हा दिसू लागल्या, पण त्यांचे ध्येय स्वस्तपणा नसून चांगली सेवा हे होते. स्वस्तपणाचा प्रयोग प्रथम केला तो कॅप्टन जी. आर. गोपीनाथ या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने. त्यांच्या एअर डेक्कनचे उड्डाण ऑगस्ट २००३ मध्ये झाले. आपली स्पर्धा इतर विमानांशी नसून रेल्वेच्या वातानुकूलित डब्याशी आहे, अशी तिची भूमिका होती. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ तिने आपले बोधचिन्ह म्हणून घेतला, काही आसने एक रुपया मूळ भाड्याने विकली आणि आजवर विमान न पाहिलेल्या वर्गाला विमानात बसविले. २००५ मध्ये स्पाइसजेट व गोएअर, ४ ऑगस्ट २००६ रोजी इंडिगो आणि ७ ऑगस्ट २०२२ रोजी अकासा एअर यांची उड्डाणे सुरू झाली. या लाटेत नागपूर हे मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर आदी शहरांशी कमी भाड्याने जोडले गेले. शारजा येथील एअर अरेबिया या अल्पभाडे कंपनीमुळे आखाती देशांचा मार्गही नागपूरहून खुला झाला.

या यशाची दुसरी बाजूही लगेच दिसू लागली. एअर डेक्कन तोट्यात जाऊन किंगफिशरच्या ताब्यात गेली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमानेही जमिनीवर आली. जेट एअरवेजने एप्रिल २०१९ मध्ये व पूर्वीच्या गोएअरने (नवे नाव गो फर्स्ट) मे २०२३ मध्ये सेवा थांबविली. प्रत्येक वेळी आगाऊ तिकीट घेतलेल्या प्रवाशांचे पैसे अडकले. नादारीच्या कायद्यानुसार असा प्रवासी हा विनातारण धनको ठरतो व बँका इत्यादींच्या मागून त्याचा क्रम लागतो. स्वस्त भाडे मिळण्यासाठी पैसे अनेक आठवडे आधी भरावे लागतात, म्हणजे प्रवासी हा एका अर्थी कंपनीस बिनव्याजी उसनवार देतो. ही गोष्ट तिकिटावर कोठेही लिहिलेली नसते.

कमी भाड्याचे गणित : विमानाच्या एका फेरीचा बहुतेक खर्च, म्हणजे इंधन, विमानाचे भाडे, वैमानिकांचे वेतन, विमानतळाचे शुल्क, हा प्रवासी किती बसले यावर फारसा अवलंबून नसतो. १८० आसनांच्या विमानात १६० प्रवासी असोत वा ६०, तो जवळजवळ तेवढाच येतो. म्हणून विमान भरलेले असणे आणि दिवसातून अधिकाधिक वेळा उडणे, या दोन गोष्टींतूनच स्वस्तपणा निर्माण होतो. थोडक्यात, कमी भाडे ही गर्दीची उपज असते. अंतराशी तिचा संबंध गौण असतो. त्यामुळेच नागपूर–मुंबई हा प्रवास काही दिवशी रेल्वेच्या वरच्या वर्गाइतक्या भाड्यात होऊ शकतो आणि त्याहून कितीतरी कमी अंतराचा, पण विरळ प्रवाशांचा मार्ग परवडत नाही.

भाडे ठरविण्याची रीतही रेल्वेहून निराळी आहे. रेल्वेचे बहुतांश भाडे अंतर व वर्ग यांवर बांधलेले असते. विमानात एकाच रांगेतील दोन प्रवाशांनी दुप्पट-तिप्पट फरकाने तिकीट घेतलेले असू शकते. पहिली आसने कमी दरात विकून, उरलेली आसने जसजशी कमी होतील तसतसा भाव चढविला जातो. ज्यास प्रवासाची तारीख दोन महिने आधी ठाऊक असते त्याला ही पद्धत फायद्याची. ज्याला ती आदल्या रात्री कळते त्याला ती महागाची.

यवतमाळचा अनुभव : यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. जिल्हा कापसाचा. ब्रिटिश अमदानीत हा कापूस बाहेर नेण्यासाठीच किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेने मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग उभारला. ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाणारी ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या एंजिनावर चालत होती. तिचे भाडे अत्यल्प आणि वेग त्याहून अल्प होता. खेड्यापाड्यांतील गरीब प्रवाशाला दोन्ही चालत असे. ती बंद पडल्यावर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण काही काळ लोहमार्गाविना राहिले. मुंबई-पुण्याकडे जाणारा यवतमाळकर धामणगाव, वर्धा किंवा बडनेरा येथे जाऊन मोठ्या मार्गाची गाडी पकडतो, अथवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जातो. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रुंदमापी मार्गातील वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वाहतुकीस खुला झाला.

शहराजवळचा विमानतळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभारला. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती व उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील विमानतळांसह तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी कंपनीस देण्यात आला. या पाचांपैकी नांदेडला मोठ्या तीर्थस्थानामुळे प्रवासी मिळाले. यवतमाळला नियमित प्रवासी सेवा लाभली नाही. याचा दोष केवळ भाडेपट्ट्यास देणे अपुरे होईल. वर सांगितलेले गणितच तसे आहे. सत्तर-बाहत्तर आसनांचे एटीआर जातीचे विमान रोज एकदा येऊन परत गेले, तरी दोन्ही दिशा मिळून वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास आसने विकावी लागतात. आणि नागपूर दीडशे किलोमीटरवर असताना त्यांतील बहुसंख्य प्रवासी अधिक उड्डाणे व कमी भाडे असलेल्या नागपूरकडेच वळतात. मोठ्या विमानतळाचे सान्निध्य हे लहान विमानतळाला असे मारक ठरते.

आता यवतमाळच्या प्रवाशाच्या बाजूने हिशेब पाहू. नागपूरहून सकाळी सहाच्या सुमारास सुटणारे विमान सर्वसाधारणपणे स्वस्त असते. देशांतर्गत उड्डाणासाठी सामान स्वीकारण्याची खिडकी सुटण्याच्या एक तास आधी बंद होते. रस्त्याचे तीन तास आणि थोडी सवड धरली, तर यवतमाळहून रात्री एक-दीडला निघावे लागते. त्या वेळी सोयीची एस.टी. असतेच असे नाही, म्हणून खाजगी मोटार ठरवावी लागते. एकट्या प्रवाशाला ही मोटार कधीकधी विमानाच्या तिकिटाइतकी पडते. चौघांचे कुटुंब असेल तर हिशेब बरा जमतो. दिवसाच्या विमानासाठी एस.टी.ने नागपूर गाठता येते व त्यात मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे पडते. पण दिवसाची विमाने बहुधा महाग. वणी वा पांढरकवडा येथील प्रवाशास नागपूर हाच मार्ग. पुसद-उमरखेडकडच्यांना नांदेड जवळचे. नेर-दारव्ह्याच्या लोकांना अमरावती सोयीची. म्हणजे ‘यवतमाळहून विमानाचे भाडे किती’ या प्रश्नाचे एक उत्तर संभवत नाही.

तरीही लाभ झालाच नाही असे म्हणता येणार नाही. पुण्यात शिकणारा किंवा बंगळूरला नोकरी करणारा मुलगा पूर्वी दिवाळीस एकदा येई, तो आता वर्षातून तीन-चारदा येतो. कंपनीतील रजा मोजकी असते. रेल्वेत दोन रात्री घालविण्याऐवजी त्या घरी घालविता येतात. सैन्यातील जवान, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, सुटे भाग आणायला जाणारे व्यापारी यांनाही वेळेची बचत हा रोकड फायदा वाटतो. मुख्य म्हणजे विमानाविषयीचे भय व संकोच गेले. पन्नास वर्षांपूर्वी गावातून विमानाने गेलेला माणूस हा सांगण्याचा विषय असे. तसा तो आता राहिलेला नाही.

सामानाचा नियम मात्र या प्रवाशांना जाचतो. देशांतर्गत स्वस्त तिकिटात सामान्यतः १५ किग्रॅ. सामान विमानाच्या पोटात व ७ किग्रॅ. हाती नेता येते. त्यापुढे प्रत्येक किलोस पैसे पडतात. विदर्भातील आई मुलाबरोबर तुरीची डाळ, तिखट, कुरडया, लोणच्याची बरणी असे काही ना काही बांधून देते. लोणचे हातातल्या पिशवीत चालत नाही. डाळीचे पाच किलो जास्त झाले, तर त्यांचे विमानभाडे डाळीच्या बाजारभावाहून अधिक होते. रेल्वेत व ट्रॅव्हल्समध्ये हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

सर्वांत गंभीर तोटा आकस्मिक प्रवासाचा आहे. मृत्यू, अपघात, आजार ही कारणे आधी कळवून येत नाहीत आणि नेमक्या त्याच वेळी भाडे सर्वांत चढलेले असते. मुंबईस कर्करोगावरील उपचारासाठी जाणारे विदर्भातील रुग्ण बहुतेक रेल्वेनेच जातात. रेल्वेत त्यांना भाड्यात सवलत आहे, अल्पभाडे विमानात मात्र आजाराची निकड ही केवळ चढ्या मागणीत जमा होते. ज्याचे उत्पन्न महिन्याच्या पगाराचे आहे त्याला दोन महिने आधी तिकीट घेणे जमते. कापसाच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा वेचणीनंतर येतो, आणि तेव्हाच दिवाळी व लग्नसराई यांमुळे भाडी वाढलेली असतात. त्यामुळे अल्पभाडे विमानवाहतुकीने जिल्ह्यातील पगारदार व शिकलेला वर्ग जितका जवळ आला तितका शेतकरीवर्ग आला नाही, असे म्हणावे लागते.

शासनाचे उपाय : केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘उडान’ ही प्रादेशिक जोडणीची योजना जाहीर केली. तीनुसार सुमारे तासाभराच्या उड्डाणातील ठराविक आसने आरंभी २,५०० रु. भाड्यात देण्याचे ठरले. तूट भरून काढण्यासाठी मुख्य मार्गांवरील उड्डाणांवर अधिभार बसविला गेला आणि विमानकंपनीस तीन वर्षे त्या मार्गाचा एकाधिकार मिळाला. या योजनेखालील पहिल्या मार्गांपैकी हैदराबाद–नांदेड हा एक होता (एप्रिल २०१७). तो चालविणाऱ्या ट्रूजेटची सेवा २०२२ मध्ये बंद पडली व नांदेडला पुन्हा वाट पाहावी लागली; २०२४ मध्ये स्टार एअरच्या लहान विमानांनी तेथील सेवा परत सुरू झाली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने या योजनेचे चित्र आकड्यांत मांडले : तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पुरी केली आणि मार्च २०२३ अखेर त्यांपैकी अवघे ५४ टिकून होते. अनुदान असेतो विमान येते, हा वायुदूतचाच अनुभव येथे नव्या नावाने आला.

दुसरा उपाय प्रवाशांच्या संरक्षणाचा. नागरी विमानवाहतूक महानिदेशालयाच्या नियमांनुसार पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास, कंपनीच्या हाताबाहेरची कारणे वगळता, पर्यायी विमान अथवा परतफेड आणि काही प्रसंगी नुकसानभरपाई द्यावी लागते. दीर्घ विलंबात अल्पोपाहाराची सोय करावी लागते. नागपूरकर प्रवासी रद्द उड्डाणानंतर घरी परत जाऊ शकतो. यवतमाळकराला परतीची मोटार वा नागपुरात मुक्काम यांचा खर्च स्वतःच सोसावा लागतो, कारण नियमांच्या दृष्टीने प्रवास विमानतळाच्या दारापाशी सुरू होतो. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीविषयीच्या नव्या नियमांशी वेळापत्रकाचा मेळ न बसल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा हा फरक तीव्रतेने जाणवण्यासारखा होता. देशातील साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी त्या एकाच कंपनीने जात असल्याने इतर कंपन्यांची भाडी अकस्मात चढली व शासनास त्यांवर तात्पुरती कमाल मर्यादा घालावी लागली. स्पर्धेतून आलेला स्वस्तपणा स्पर्धक उरले नाहीत की किती नाजूक होतो, ते या घटनेत दिसून आले.

अलीकडील स्थिती : १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा विमानतळाचे उद्घाटन होऊन शासकीय मालकीच्या अलायन्स एअरची मुंबई–अमरावती सेवा ‘उडान’ योजनेखाली सुरू झाली. यवतमाळहून बेलोरा नागपूरपेक्षा जवळ असल्याने जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागांतील प्रवाशांना मध्यरात्री नागपूर गाठण्याऐवजी हा पर्याय उपलब्ध झाला. त्याच वर्षी ५ जून रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला होऊन नागपूर–मुंबई हा संपूर्ण रस्ता वाहतुकीस मिळाला व धामणगावच्या बाजूने त्यावर जाता येऊ लागल्याने ट्रॅव्हल्सची स्पर्धाही वाढली. अमरावतीच्या विमानास सवलतीची मुदत संपल्यावर पुरेसे प्रवासी मिळतात की नाही, यावर यवतमाळच्या धावपट्टीचा विचार पुन्हा होणे बऱ्याच अंशी अवलंबून आहे. कारण दोन्ही ठिकाणचे प्रवासी एकाच कापूसपट्ट्यातले आहेत.